नव्या लॅपटॉपचा आवाज अडखळतो तेव्हा

दहावी-बारावीनंतर मुलाच्या किंवा मुलीच्या हाती लॅपटॉप द्यायचा म्हटले, की बहुतेक घरांत त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला पडत असतात. कुठे भिशी लागते, कुठे आखातातले चाचा थोडी मदत पाठवतात, कुठे मुलांनी स्वतःची ईदी जपून ठेवलेली असते. अशी वस्तू घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्यात खोट दिसली, तर सगळ्या घराचा जीव खालीवर होतो. पडदा फुटलेला असेल तर वाद राहत नाही, तो दुकानदारालाही दिसतो. आवाजाची खोट मात्र फसवी असते. लॅपटॉप दुकानात नेला की आवाज नीट येतो, घरी आणला की पुन्हा अडखळू लागतो. "आमच्याकडे तर चांगला चालला," हे उत्तर ऐकून ग्राहक परत येतो आणि लॅपटॉप बदलून मिळण्याचे मोजके दिवस हातातून निघून जातात.

आम्ही गारखेड्यात राहतो, सूतगिरणी चौकाच्या बाजूला. घरात मुलीच्या सी.ए. फाउंडेशनच्या ऑनलाइन वर्गासाठी नवा लॅपटॉप घेतला, तेव्हा हा अनुभव आम्हालाही आला. वर्ग सुरू झाला की दर काही सेकंदांनी सरांचा आवाज तुटे. मध्येच 'टक्' असा आवाज येई, एखादे अक्षर दोनदा ऐकू येई, एखादे गळून जाई. हिशेबाच्या विषयात ही गंमत नाही. 'फिफ्टीन थाउजंड'चा शेवट गळला की कानावर 'फिफ्टी थाउजंड' पडते आणि वहीत पंधराचे पन्नास हजार होतात. मुलगी म्हणायची, "अम्मी, सर काय म्हणाले ते निम्मेच कळले." तिची दादी त्याच लॅपटॉपवर दुपारी तजवीदचा वर्ग ऐकते. तिथे तर शिकायचेच असते ते अक्षर किती लांबवायचे हे. मद्दच्या मधोमध आवाज तुटला, तर उस्तादांनी तो किती ओढला हे कळणार कसे?

सल्ले भरपूर मिळाले. एकाने सांगितले, स्पीकर गेला. दुसऱ्याने सांगितले, नेट बदला. एका दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न उघडताच पूर्ण फॉरमॅट करावा लागेल असे सांगून पैसेही ठरवले. आम्ही यातले काहीच लगेच केले नाही. आधी बिलावर पाहिले. लॅपटॉप बदलून मिळण्याची मुदत दहा दिवसांची होती आणि त्यातले दोन गेले होते. उरलेल्या दिवसांत दोष नेमका कुठे आहे ते शोधायचे ठरवले. त्या शोधात जे कळले आणि जे कोणत्याही घरात, कुणालाही करून पाहता येईल, ते इथे मांडत आहोत.

आवाज तुटतो म्हणजे काय होते?

संगणकात आवाज अखंड धारेसारखा साठवलेला नसतो. तो आकड्यांच्या रूपात असतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर दर सेकंदाच्या आवाजासाठी ४४,१०० आकडे असत. आजच्या लॅपटॉपवर बहुधा ४८,००० असतात. विंडोज हे आकडे एकेक करून पाठवत नाही. साधारणपणे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा एक घास तयार करते आणि तो स्पीकरच्या दिशेने सरकवते. म्हणजे दर सेकंदाला शंभर घास, प्रत्येकात ४८० आकडे. एखादा घास वेळेवर पोहोचला नाही, तर स्पीकरकडे वाजवायला काही उरत नाही. त्या क्षणाच्या पोकळीला आपण 'टक्' किंवा 'खर्र' म्हणून ऐकतो.

आपल्या शहरातल्या वाचकांना हे टाकीच्या उदाहरणाने पटकन समजेल. जायकवाडीचे पाणी नळाला रोज येत नाही, म्हणून प्रत्येक घरात टाकी किंवा ड्रम असतो. टाकी मोठी असेल तर पाणी एक दिवस उशिरा आले तरी कळत नाही. टाकी छोटी असेल तर दुपारीच भांडी अडतात. संगणकातही अशा टाक्या असतात, त्यांना बफर म्हणतात. यूट्यूबवरचा व्हिडिओ पुढचा बराच भाग आधीच भरून ठेवतो, त्याची टाकी मोठी. ऑनलाइन वर्ग किंवा व्हिडिओ कॉलला मोठी टाकी परवडत नाही. दोन माणसांचे बोलणे सहज व्हायचे असेल, तर एका बाजूचा आवाज दुसरीकडे सेकंदाच्या सातव्या भागाच्या आत, म्हणजे सुमारे १५० मिलिसेकंदांत पोहोचावा असे दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मार्गदर्शन आहे. त्याहून फार उशीर झाला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून कॉलची टाकी अगदी लहान ठेवतात आणि इंटरनेट जरा डगमगले तरी ती रिकामी पडते.

यावरून पहिली गोष्ट हाती लागते. यूट्यूब स्वच्छ चालते आणि फक्त वर्गाचा किंवा कॉलचा आवाज तुटतो, तर संशय आधी इंटरनेटवर घ्यावा. दोन्हीकडे सारखाच तुटत असेल, तर दोष बहुधा लॅपटॉपच्या आत आहे. स्पीकर खरोखर गेला असेल तर तो सहसा अडखळत नाही. तो फाटल्यासारखा वाजतो, मोठ्या आवाजाला थरथरतो किंवा एका बाजूने बंद असतो.

चार चाचण्या, एका वेळी एकच बदल

दुरुस्तीत सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते तारखेसह लिहून ठेवायचे. पाच सेटिंग एकदम बदलले आणि आवाज सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही. पुन्हा बिघडला की पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिली चाचणी: वीसेक मिनिटांची एखादी ओळखीची ध्वनिफीत लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या. ओळखीची अशासाठी, की कुठे काय ऐकू यायला हवे हे कानाला माहीत असते. आता विमान मोड सुरू करा, म्हणजे वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद होतात. मग लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर ती फीत ऐका. ती फीत लॅपटॉपमध्येच असल्यामुळे इंटरनेटचा संबंध उरत नाही. तरीही आवाज तुटला, तर नेटवाल्याला फोन करण्यात अर्थ नाही.

दुसरी चाचणी पहिलीच्या लगोलग करायची आणि बहुतेक लोक नेमकी हीच सोडून देतात. तीच उतरवलेली फीत पुन्हा लावा, पण या वेळी वाय-फाय सुरू ठेवून. आमच्याकडे विमान मोडमध्ये वीस मिनिटे आवाज स्वच्छ आला. इथेच थांबलो असतो, तर दोष इंटरनेटचा आहे असे वाटले असते. वाय-फाय सुरू करून तीच फीत लावली आणि पहिल्या पाच मिनिटांत चार वेळा आवाज तुटला. फितीला इंटरनेटची गरजच नव्हती. म्हणजे नेटच्या वेगाचा प्रश्न नव्हता. वाय-फाय चालवणारा लॅपटॉपमधलाच कोणता तरी भाग आवाजाच्या वाटेत येत होता.

तिसरी चाचणी: साधा वायरचा इअरफोन लावून पाहा. इअरफोनवर आवाज स्वच्छ आणि स्पीकरवर खराब असेल, तर स्पीकरवर संशय घ्यायला जागा आहे. दोन्हीकडे सारखाच तुटत असेल, तर स्पीकर बदलून उपयोग नाही. आमच्याकडे दोन्हीकडे तुटत होता, त्यामुळे स्पीकर बदलण्याचा खर्च तिथेच वाचला.

चौथी चाचणी: चार्जर लावून आणि चार्जर काढून, दोन्ही प्रकारे ऐका. बॅटरीवर असताना लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि काही वेळा त्या डुलकीत आवाजाचा घास उशिरा पोहोचतो. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग पॉवर अँड बॅटरी उघडून पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवल्यास हा भाग तपासता येतो. याउलट चार्जर लावल्यावर सतत 'हूं' असा गुणगुणता आवाज येत असेल, तर तो अडखळण्याचा प्रकार नाही. त्याचे कारण बरेचदा घराच्या वायरिंगमध्ये, अर्थिंग नीट नसण्यात असते. दुसऱ्या खोलीच्या किंवा शेजारच्या घराच्या सॉकेटवर लावून पाहिले की उलगडा होतो.

ब्लूटूथचे इअरफोन वापरत असाल तर

आता बहुतेक मुले बिनतारी इअरफोन वापरतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. जुन्या पद्धतीचे वाय-फायही त्याच पट्ट्यात चालते आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही तिथेच लुडबुड करतो. या पट्ट्यात वाय-फायला एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन मिळतात. गारखेड्यासारख्या दाट वस्तीत, जिथे एका अपार्टमेंटमध्ये प्रत्येक फ्लॅटला स्वतःचा राउटर आहे, तिथे ही गर्दी किती होत असेल याची कल्पना करा. तुमच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झची सोय असेल, तर लॅपटॉप त्या नावाच्या वाय-फायला जोडा. ब्लूटूथला मोकळी जागा मिळते.

आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क किंवा तिची वायर चालू असताना त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडते. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपणच प्रसिद्ध केले होते. माउसचा किंवा हेडफोनचा छोटा रिसीव्हर अशा डिस्कच्या शेजारच्याच खाचेत लावलेला असेल, तर तो लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावून पाहा.

वर्गात माइक सुरू केला की इअरफोनचा आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा दबका होतो, ही तक्रारही नेहमीची आहे. हा बिघाड नव्हे. इअरफोनचा माइक वापरात आला की बरेचसे ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून कॉलच्या पद्धतीवर जाते. साउंड सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडला, की ऐकण्याचा दर्जा परत येतो.

सेटिंगमधले तीन-चार बदल

नवा लॅपटॉप पहिले एक-दोन दिवस आतून फार कामात असतो. विंडोजचे अपडेट उतरत असतात, फायलींची यादी तयार होत असते, वनड्राइव्ह आपले काम करत असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकत्र दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो आणि कोण किती काम करत आहे ते दिसते. अपडेट पूर्ण होऊ द्या, लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि मगच आवाजाची परीक्षा घ्या. बऱ्याच घरांतला प्रश्न इथेच मिटतो. लॅपटॉपबरोबर चाचणीपुरता फुकट मिळालेला अँटिव्हायरस असेल आणि तुम्ही वर दुसरा टाकला असेल, तर दोघांपैकी एक काढून टाका. दोन पहारेकरी एकाच दारात उभे राहिले की ये-जा अडते.

त्यानंतर सेटिंग्ज, सिस्टम, साउंड या वाटेने जा आणि आपल्या स्पीकरच्या नावावर टिचकी मारा. तिथे 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असेल ते 'ऑफ' करा. आवाज घुमदार करण्यासाठी कंपन्या ज्या करामती भरतात त्या प्रत्येक घासावर जास्तीचे काम लादतात. त्याच पानावर 'फॉरमॅट' दिसेल. तिथे फार मोठा आकडा निवडलेला असेल, तर ४८,००० हर्ट्झचा साधा पर्याय निवडा. वर्ग ऐकायला आणि तिलावत ऐकायला तो पुरेसा आहे.

तरीही फरक पडला नाही, तर स्टार्टवर उजवी टिचकी मारून डिव्हाइस मॅनेजर उघडा. ध्वनीच्या गटात आपल्या आवाजाच्या उपकरणाचे नाव असते. त्याच्या ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण चालू दिसत असेल आणि बिघाड एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर आधीच्या ड्रायव्हरवर परत जाता येते. काही लॅपटॉपवर यादीतून 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' नावाचा मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हरही निवडता येतो. त्याने आवाज सुधारला, तर दोष कंपनीच्या आवाजाच्या ड्रायव्हरमध्ये होता हे सिद्ध होते.

ड्रायव्हरची भानगड

ड्रायव्हर हा शब्द आला आहे, तर तो नीट समजून घेऊ. लॅपटॉपमधल्या प्रत्येक भागाला, म्हणजे वाय-फाय, पडदा, कीबोर्ड, स्पीकर यांना चालवणारा एक छोटा प्रोग्राम असतो. एखाद्या भागाला तातडीचे काम निघाले की तो मुख्य प्रोसेसरला हाक मारतो. स्वयंपाकघरात तव्यावर पोळी असताना दारावरची बेल वाजावी तसे हे आहे. आलेला माणूस एक वाक्य बोलून गेला तर पोळी शाबूत राहते. तो उंबऱ्यात उभा राहून गप्पा मारू लागला, तर पोळी करपते. वाईट लिहिलेला ड्रायव्हर असाच उंबऱ्यात रेंगाळतो आणि तेवढ्यात आवाजाचा घास चुकतो. मोठ्या प्रोसेसरचा, महागडा लॅपटॉपही यातून सुटत नाही, कारण इथे ताकद कमी पडत नाही, वेळ चुकते.

आवाज आणि नेटवर्क यांचे हे भांडण जुने आहे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा नवीन असताना लोकांच्या लक्षात आले, की संगणकावर गाणे सुरू केले की घरच्या नेटवर्कवर फायली पाठवण्याचा वेग घसरतो. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचे तज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी याचा खुलासा केला. नेटवर्कच्या हाका आवाजाच्या कामात अडथळा आणतात म्हणून आवाज चालू असताना नेटवर्कवरून येणाऱ्या पॅकेट्सना मुद्दाम आवर घातला होता. सेकंदाला सुमारे दहा हजारांहून जास्त पॅकेट्स हाताळायची नाहीत अशी ती मर्यादा होती.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. विंडोज ११ आल्यावर एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरवरच्या काही संगणकांत अधूनमधून सगळेच क्षणभर गोठायचे, आवाजही तुटायचा. लोकांनी स्पीकर बदलले, विंडोज पुन्हा टाकले, उपयोग झाला नाही. मार्च २०२२ मध्ये एएमडीने कबूल केले, की सुरक्षेसाठी असलेला एफटीपीएम हा भाग मदरबोर्डवरच्या एका संथ मेमरीशी अधूनमधून लांबलचक देवाणघेवाण करतो आणि त्यामुळे हे थांबे येतात. त्यावर उपाय म्हणजे बायोसचे अपडेट. ते मे २०२२ पासून मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांमार्फत यायला लागले. म्हणजे बिघाड ऐकू येत होता स्पीकरमध्ये आणि कारण बसले होते भलत्याच ठिकाणी.

रेंगाळणारा ड्रायव्हर कोणता, हे पाहण्यासाठी रिस्प्लेंडन्स कंपनीचा लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम आहे. घरगुती वापरासाठी तो फुकट मिळतो. तो बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा, दुसरीकडून नको. चार्जर लावून, तीच ध्वनिफीत सुरू करून तो वीस-तीस मिनिटे चालू द्या. हा लॅपटॉप अखंड आवाज हाताळायला योग्य आहे की नाही, हे तो एका वाक्यात सांगतो. ड्रायव्हरच्या यादीत कुणी किती वेळ घेतला तेही दाखवतो. मात्र यादीत सर्वांत वर असलेल्या नावावर लगेच आळ घेऊ नये. ते नाव ज्या भागाचे असेल तो भाग थोडा वेळ बंद करा आणि आवाज खरोखर सुधारतो का ते पाहा. तेव्हाच पुरावा पक्का होतो.

आमच्याकडे यादीत नेटवर्कशी संबंधित एनडीआयएस आणि त्याच्याच सोबत वाय-फायचा ड्रायव्हर वर आला. दुसऱ्या चाचणीने जे सुचवले होते तेच इथे दिसले. मग लॅपटॉपच्या तळाशी छापलेले मॉडेलचे पूर्ण नाव घेतले, कंपनीच्या मदतीच्या पानावर ते टाकले आणि वाय-फायचा नवा ड्रायव्हर तिथूनच उतरवून बसवला. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा तीच फीत, वाय-फाय सुरू ठेवून, पूर्ण वीस मिनिटे ऐकली. आवाज एकदाही तुटला नाही. लेटन्सीमॉनचेही उत्तर बदलले. हा खरेदीनंतरचा सहावा दिवस होता. त्यानंतरचे चार दिवस वर्ग, कॉल, ध्वनिफीत सगळे चालवून पाहिले आणि मगच खोके माळ्यावर टाकले.

एक सावधगिरी सांगायला हवी. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका टिचकीत अपडेट करा' असे सांगणारे प्रोग्राम इंटरनेटवर बरेच आहेत. ते टाकू नयेत. चुकीचा ड्रायव्हर बसला तर एकाचे दोन बिघाड होतात. बायोसचे अपडेट तर कंपनीच्याच पानावरून, चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असतानाच करावे. ते चालू असताना लॅपटॉप बंद पडला तर तो पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. स्वतःची खात्री नसेल तर हे काम अधिकृत सेवा केंद्राकडे सोपवावे.

दुरुस्ती होत नसेल तर हक्क काय आहेत?

वरचे सगळे करूनही आवाज तुटत असेल, तर लॅपटॉप स्वतःजवळ ठेवून घेण्याचे कारण नाही. यूएसबी पेनड्राइव्हवरून उबुंटूसारखी दुसरी प्रणाली न बसवता नुसती चालवून पाहता येते. संगणक शिकणारा एखादा मुलगा ओळखीत असेल तर तो हे अर्ध्या तासात करील. तिथेही आवाज तसाच तुटला, तर दोष यंत्रातच असण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

लॅपटॉप बदलून देण्याची मुदत पुष्कळ ठिकाणी सात किंवा दहा दिवसांची असते आणि ती खरेदीच्या किंवा घरपोच मिळाल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणून तोंडी तक्रारीवर थांबू नये. ईमेलने किंवा कंपनीच्या ॲपवरून तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. लॅपटॉपचा पडदा, घड्याळ आणि तुटणारा आवाज एकत्र येईल असा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. "दुकानात चांगला चालतो" याला तोच जबाब असतो. मुदतीत आणि वॉरंटीत बाहेरच्या माणसाकडून लॅपटॉप उघडू नये, त्यावरून पुढे वाद घातला जातो. बिलावर लॅपटॉपचा अनुक्रमांक लिहिलेला आहे का, हेही खरेदीच्या वेळीच पाहावे.

सेवा केंद्र लॅपटॉप ठेवून घेत असेल, तर पावतीवर 'तपासणीसाठी' एवढेच लिहू देऊ नका. 'आवाज अडखळतो, वाय-फाय सुरू असताना जास्त, इअरफोनवरही तसाच' असा पूर्ण दोष लिहून घ्या. देण्याआधी मुलांची कागदपत्रे, घरातले फोटो आणि नोट्स दुसरीकडे उतरवून ठेवा. मुलींचे व कुटुंबाचे फोटो परक्या हाती जाऊ नयेत, याची काळजी प्रत्येक घराला असते. ती नंतर करण्यापेक्षा आधी करावी.

दुकान आणि कंपनी दोघेही टोलवाटोलवी करू लागले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बरीच प्रकरणे तिथल्या मध्यस्थीनेच मिटतात. तेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक मोठी सोय केली आहे. लॅपटॉप मुंबईहून घेतलेला असो की ऑनलाइन मागवलेला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर आयोगाची फी लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. बिल, तक्रार क्रमांक, व्हिडिओ आणि तारखांची वही एवढे जवळ असले, तर साधा माणूसही आपली बाजू मांडू शकतो.

शेवटी क्रम पुन्हा सांगतो, कापून लॅपटॉपच्या खोक्यावर चिकटवला तरी चालेल. पहिल्या दिवशी अपडेट पूर्ण करा. दुसऱ्या दिवशी उतरवलेली फीत विमान मोडमध्ये आणि मग वाय-फाय सुरू ठेवून ऐका, त्याच दिवशी वायरच्या इअरफोनवर आणि चार्जर काढूनही ऐका. तिसऱ्या दिवशी आवाजाच्या करामती बंद करा आणि ड्रायव्हर तपासा. चौथ्या दिवशीही आवाज तुटतच असेल तर लेखी तक्रार नोंदवा आणि क्रमांक वहीत लिहा. नंतरही शोध चालू ठेवायला हरकत नाही, पण तक्रार मुदतीच्या आत नोंदलेली असू द्या.